टीएफएफसाठी कॅसेट घ्यायची की होलो फायबर? शेवटच्या तासापासून उलटं मोजत या

टीएफएफ (टँजेन्शियल फ्लो फिल्ट्रेशन, म्हणजे लिक्विड गाळणीच्या पडद्यालगत वाहवून गाळण्याची पद्धत) पहिल्यांदा सेट करणारा माणूस बहुतेक वेळा विचारतो की किती किलोडाल्टनची (म्हणजे केवढा रेणू अडवणारी) मेम्ब्रेन घेऊ, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. हा आकडा, म्हणजे कटऑफ, चुकला तर छोट्या ट्रायलमध्येच पर्मिएटमध्ये (गाळून पार गेलेल्या लिक्विडमध्ये) प्रॉडक्ट दिसतं, तुम्ही दुसरा कटऑफ मागवता आणि विषय संपतो. फॉरमॅट, म्हणजे मेम्ब्रेनची मांडणी, चुकला तर तसं होत नाही. पंप केवढा, होल्डर लागणार की नाही, ट्यूबिंगचा डायमीटर, टँकचा तळ, क्लीनिंगची सायकल, सगळी कागदपत्रं, हे सगळं त्या फॉरमॅटभोवती उभं राहिलेलं असतं आणि मग फार उशिरा कळतं की शेवटचे दोन लिटर काही केल्या नीट फिरतच नाहीयेत. म्हणून हे लिहितेय, कॅसेट (सपाट शीटची चवड), होलो फायबर (पोकळ नळ्यांचा जुडगा), स्पायरल (गुंडाळलेली शीट) यातलं आपल्या कामाला काय बसतं ते तुमचं तुम्हाला ठरवता यावं.

बेसिक एका परिच्छेदात उरकते. लिक्विड मेम्ब्रेनवर सरळ दाबायचं नाही, तिच्या अंगालगत वाहवायचं, म्हणजे पृष्ठभागावर साचणारा थर वाहत्या प्रवाहाने सतत खरवडला जातो. मेम्ब्रेनमधून पार जातं ते पर्मिएट, परत टँकमध्ये येतं ते रिटेन्टेट. आरपार ढकलणारा दाब म्हणजे टीएमपी, तो काढायचा फीड (आत येणारं लिक्विड) आणि रिटेन्टेट प्रेशरची सरासरी घेऊन त्यातून पर्मिएटचं प्रेशर वजा करून. एक चौरस मीटर मेम्ब्रेनमधून तासाला किती लिटर पर्मिएट निघतं तो फ्लक्स, त्याला सगळे एलएमएचच म्हणतात. बाकी सगळं या तीन-चार गोष्टींच्या आपापसातल्या ओढाताणीतून येतं.

आता मुद्दा. फॉरमॅट निवडताना सगळे सुरुवातीचं फीड बघतात कारण तेच हातात असतं, पातळ, स्वच्छ, पाण्यासारखं. पण मेम्ब्रेनला खरा त्रास शेवटच्या तासात होतो. तेव्हा व्हॉल्यूम सगळ्यात कमी असतं, प्रॉडक्ट सगळ्यात दाट असतं, तेच लिक्विड पंपातून पुन्हापुन्हा जात असतं आणि नेमकी तेव्हाच सिस्टीम हवा ओढायला लागते. तर कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा: सगळ्यात दाट अवस्थेत व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) किती असेल, फीडमध्ये पेशी किंवा कचरा आहे का, प्रॉडक्ट शिअरला (वाहत्या थरांच्या घासण्याला) किती नाजूक आहे, आणि शेवटी किती मिली उरायला हवंत. ही चार उत्तरं मिळाली की अर्धा निर्णय झालेला असतो.

माझाच अनुभव सांगते. एका अँटिबॉडीसाठी आम्ही ०.५ मिमीचं होलो फायबर घेतलं होतं, कारण ५ ग्रॅम प्रति लिटरच्या फीडवर ते इतकं छान चाललं की कॅसेट लावून बघायची गरजच वाटली नाही. टार्गेट होतं १५० ग्रॅम प्रति लिटर. ९० च्या पुढे गेल्यावर इनलेट प्रेशर चढायला लागलं, म्हणून आम्ही फ्लो कमी केला, फ्लो कमी केल्यावर फ्लक्स पडला, फ्लक्स पडल्यावर वेळ वाढला, वेळ वाढला तसे पंपाचे फेरे वाढले आणि शेवटी ॲग्रिगेट (एकमेकांना चिकटलेल्या प्रोटीनच्या गुठळ्या) वाढलेले दिसले. मेम्ब्रेनची काहीच चूक नव्हती. आम्ही आधी एक साधं गणित केलं असतं तर हे सगळं टळलं असतं, ते गणित खाली देते.

होलो फायबर, आणि ते गणित

होलो फायबर म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा, लिक्विड नळीच्या आतून वाहतं आणि पर्मिएट बाहेर शेलमध्ये जमा होतं. आतला डायमीटर साधारण ०.५, ०.७५ किंवा १ मिमी. आत जाळी नाही, अडथळा नाही, सगळा मार्ग मोकळा. त्यामुळे पेशी, पेशींचे तुकडे, गुठळ्या असलेलं फीड असेल तर हाच फॉरमॅट आधी डोक्यात यायला हवा. प्रवाह लॅमिनार (शांत, थराथरांनी वाहणारा) असतो म्हणून शिअर किती आहे ते सरळ हिशोबाने काढता येतं आणि नाजूक प्रॉडक्टसाठी ही फार मोठी सोय आहे.

एका नळीसाठी शिअर रेट म्हणजे चार गुणिले फ्लो, भागिले पाय गुणिले त्रिज्येचा घन. यातला घन लक्षात ठेवा. समजा १ चौरस मीटर एरिया हवाय, नळी ०.५ मिमीची, लांबी ६० सेंमी. अशा साधारण १०६० नळ्या लागतात आणि ४००० प्रति सेकंद शिअरसाठी एकूण फ्लो लागतो मिनिटाला ३ लिटरच्या आसपास. आता तेवढाच एरिया, तेवढंच शिअर, पण नळी १ मिमीची आणि ३० सेंमी लांब घ्या. फ्लो लागतो मिनिटाला जवळजवळ २५ लिटर. आठपट! पंप बदलला, ट्यूबिंग बदललं, टँकमध्ये परत येणाऱ्या धारेने फेस होणार म्हणून रिटर्नची जागा बदलली, सगळंच बदललं. म्हणून "होलो फायबरला फ्लो जास्त लागतो" असं सरसकट वाक्य ऐकलं की आधी विचारा, कुठला डायमीटर आणि किती लांबी.

दुसरं गणित प्रेशर ड्रॉपचं. नळीच्या दोन टोकांमधला फरक म्हणजे दोन गुणिले व्हिस्कॉसिटी गुणिले लांबी गुणिले शिअर रेट, भागिले त्रिज्या. वरच्या ०.५ मिमीच्या नळीत पाण्यासारखं लिक्विड असेल तर हा फरक ०.२ बारही होत नाही. व्हिस्कॉसिटी १० सेंटीपॉइज (पाण्याच्या साधारण दहापट) झाली की तोच फरक १.९ बार. बरीच होलो फायबर मॉड्यूल या दाबाला सुखाने चालत नाहीत आणि चाललीच तरी इनलेटच्या बाजूची मेम्ब्रेन जोरात ओढतेय आणि आऊटलेटच्या बाजूची नुसती बसून आहे अशी अवस्था होते. मोठ्या पोअरच्या (छिद्रांच्या) मेम्ब्रेनमध्ये तर आऊटलेटजवळ पर्मिएट उलटं आत शिरायला लागतं. आमच्या अँटिबॉडीचं नेमकं हेच झालं होतं, १० सेंटीपॉइज हा आकडा लिहून गुणाकार करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

फायबरच्या बाजूने आणखी एक गोष्ट. होल्डर लागत नाही, टॉर्क लागत नाही, गामा किरणांनी निर्जंतुक केलेलं तयार मॉड्यूल मिळतं, जोडलं की सुरू. सिंगल-यूज काम असेल, दर बॅचला वेगळं प्रॉडक्ट असेल, टीम छोटी असेल तर ही सोय खरोखर मोलाची आहे. पण एखादी नळी तुटली की प्रॉडक्ट थेट पर्मिएटमध्ये जातं, म्हणून वापराच्या आधी आणि नंतर इंटिग्रिटी टेस्ट (मेम्ब्रेन कुठे गळत नाही ना याची तपासणी) करायचीच, घाई असली तरी करायचीच.

कॅसेट

कॅसेटमध्ये मेम्ब्रेनच्या सपाट शीट एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या फटीत जाळी असते जिला स्क्रीन म्हणतात. फट मिलिमीटरच्या काही दशांश एवढीच. लिक्विड जाळीच्या धाग्यांवरून वर-खाली होत जातं, त्यामुळे मेम्ब्रेनलगतचा थर सारखा ढवळला जातो आणि कमी फ्लोमध्ये जास्त फ्लक्स मिळतो. साधारण ४ ते ८ लिटर प्रति मिनिट प्रति चौरस मीटर एवढ्या फ्लोवर बहुतेक प्रोटीनची कामं होतात. पंप छोटा, ट्यूबिंग छोटं, होल्ड-अप (सिस्टीममध्येच अडकून राहणारं लिक्विड) कमी. स्वच्छ प्रोटीन, म्हणजे क्रोमॅटोग्राफीनंतरचं, ते कॉन्सन्ट्रेट करून बफर बदलायचा असेल तर मी अजूनही डोळे झाकून कॅसेटपासून सुरुवात करते.

पण स्क्रीनच्या आत स्क्रीन आहेत आणि लोक इथेच घसरतात. बारीक स्क्रीन पातळ फीडला उत्तम फ्लक्स देते पण दाट झाल्यावर तिचाच प्रेशर ड्रॉप गळ्याशी येतो. जाड, मोकळी स्क्रीन जास्त फ्लो मागते पण शेवटपर्यंत चालते. १५० ते २०० ग्रॅम प्रति लिटरपर्यंत जायचं असेल तर अँटिबॉडीची व्हिस्कॉसिटी शेवटी अशी उभी चढते की बारीक स्क्रीनवर काढलेला सगळा डेटा निरुपयोगी होतो, अशा कामाला मोकळी किंवा खास हाय-व्हिस्कॉसिटीसाठी केलेली स्क्रीनच मागा, सुरुवातीचा फ्लक्स थोडा कमी दिसला तरी. म्हणजे "कॅसेट घेतली" हे अर्धंच उत्तर झालं, कुठल्या स्क्रीनची घेतली ते पण ठरवावं लागतं.

पेशी किंवा न गाळलेला ब्रॉथ मात्र जाळीच्या कॅसेटमध्ये घालू नका. कचरा धाग्यांच्या कोपऱ्यात अडकतो, एकदा अडकला की कॉस्टिकनेही (धुवायच्या सोडियम हायड्रॉक्साइडनेही) धड निघत नाही. घालायचाच असेल तर ओपन-चॅनेल प्रकार आहेत, पण मग होलो फायबरशी तुलना करूनच घ्या.

कॅसेटला होल्डर लागतो आणि तो ठरलेल्या टॉर्कला आवळावा लागतो. कमी आवळला तर फीड कडेने बायपास होतं, जास्त आवळला तर चॅनेल दबतो आणि प्रेशर ड्रॉप वाढतो, म्हणजे बॅच-बॅचमध्ये आकडे जुळत नाहीत आणि लोक मेम्ब्रेनला दोष देत बसतात. गरम कॉस्टिकनंतर थंड झालं की टॉर्क पुन्हा तपासायचा, हे एसओपीमध्ये लिहूनच ठेवा.

कॅसेटचा अजून एक फायदा सिंगल-पास टीएफएफचा. कॅसेट एकामागे एक सिरीजमध्ये लावून लिक्विड एकदाच पार करायचं, टँकमध्ये परत आणायचंच नाही. दोन स्टेपच्या मध्ये व्हॉल्यूम कमी करायचं असेल किंवा शेवटी अगदी दाट करायचं असेल तर हे फार कामाला येतं.

स्पायरल आणि सिरॅमिकबद्दल पटकन बोलते. स्पायरल वाऊंडमध्ये शीट गुंडाळीसारखी गुंडाळलेली असते, एरियाच्या मानाने सगळ्यात स्वस्त, म्हणून डेअरीत व्हे प्रोटीनसाठी आणि एन्झाइमसारख्या मोठ्या व्हॉल्यूमच्या कामात ती भरपूर चालते. पण गुंडाळीत आणि कडेला लिक्विड साचून राहणाऱ्या जागा असतात, पूर्ण ड्रेन होत नाही, सॅनिटायझेशन सिद्ध करणं कठीण जातं, म्हणून इंजेक्टेबल प्रॉडक्टच्या शेवटच्या स्टेपला मी तिचा विचार करत नाही. सिरॅमिक ट्यूब कडक रसायनं आणि उष्णता सहन करतात, जाडजूड फर्मेंटेशन ब्रॉथला उत्तम, पण फ्लो आणि पंपाची ताकद खूप मागतात.

प्रॉडक्ट नाजूक असेल तर

शिअर शिअर सगळे म्हणतात पण नुसता शिअर रेट बघून चालत नाही, फेरे पण मोजा. १० लिटर लिक्विड मिनिटाला ५ लिटरने ४ तास फिरवलं तर ते पंपातून १२० वेळा जातं, आणि व्हॉल्यूम कमी होत गेलं की हा आकडा अजून वाढतो. बऱ्याचदा नुकसान मेम्ब्रेनमध्ये होतच नाही, पंपात, अर्धवट बंद केलेल्या व्हॉल्व्हमध्ये आणि हवा-पाण्याच्या सीमेवर फेसात होतं. म्हणून फॉरमॅट बदलण्याआधी एक साधा प्रयोग करा, पर्मिएट बंद ठेवून नुसतं फिरवा आणि दर अर्ध्या तासाला सॅम्पल काढा. तिथेच प्रॉडक्ट खराब होत असेल तर आधी पंप आणि रिटर्न लाईन सुधारा.

लेंटिव्हायरसला (जीन थेरपीत जनुक पोचवायला वापरतात तो व्हायरस) बाहेरून लिपिडचं आवरण असतं, आकार साधारण १०० नॅनोमीटर, आणि इन्फेक्टिव्हिटी फार लवकर जाते, त्यामुळे मोकळ्या नळीचं होलो फायबर, ५०० ते ७५० किलोडाल्टन, कमी टीएमपी, कमी वेळ असा नेहमीचा मार्ग आहे. आधी न्युक्लिएज एन्झाइम वापरून डीएनए तोडलेला नसेल तर तो चिकट डीएनएच मेम्ब्रेन चोक करतो. एएव्ही (ॲडेनो-असोसिएटेड व्हायरस, हाही जीन थेरपीतलाच) त्या मानाने चिवट, आवरण नाही, आकार २५ नॅनोमीटरच्या आसपास, त्याला १०० किलोडाल्टनवर कॅसेट आणि फायबर दोन्ही चालतात, तिथे खरी भीती पृष्ठभागाला चिकटून होणाऱ्या नुकसानीची असते म्हणून बफरमध्ये पोलोक्सामरसारखं सर्फॅक्टंट ठेवतात. एमआरएनएच्या लिपिड नॅनोपार्टिकलमध्ये सुरुवातीला इथेनॉल असतं, मेम्ब्रेन आणि मॉड्यूलमधला गोंद त्याला चालतो का ते आधी विचारून घ्या, आणि पार्टिकल इथेनॉलमध्ये फार वेळ राहू नयेत म्हणून एरिया सढळ हाताने घ्या.

परफ्युजनमध्ये (पेशी आत ठेवून मीडिया सतत बदलत राहण्याच्या पद्धतीत) पेशी जिवंत ठेवायच्या असतात, तिथे होलो फायबरच, आणि एटीएफमध्ये (अल्टरनेटिंग टँजेन्शियल फ्लो) डायफ्रॅम लिक्विड आलटून पालटून ओढतो-ढकलतो त्यामुळे उलट्या प्रवाहात साचलेला थर उचलला जातो. इथे आणि एकूणच मायक्रोफिल्ट्रेशनमध्ये पर्मिएटला पंप लावून फ्लक्स बांधून ठेवणं अत्यंत गरजेचं आहे. मोठे पोअर असताना पर्मिएट मोकळं सोडलं तर पहिल्या मिनिटात इतका फ्लक्स जातो की मेम्ब्रेन तिथेच बंद पडते. पर्मिएट बंद ठेवून आधी क्रॉसफ्लो (मेम्ब्रेनलगतचा प्रवाह) स्थिर करा, मग हळूहळू उघडा.

कटऑफ आणि मटेरियल

कटऑफ प्रॉडक्टच्या वजनाच्या तिसऱ्या ते सहाव्या हिश्श्याचा घ्या, म्हणून १५० किलोडाल्टनच्या अँटिबॉडीला ३० किंवा ५० येतो. रिटेन्शनचा (मेम्ब्रेन किती टक्के प्रॉडक्ट अडवते त्याचा) आकडा हलका घेऊ नका. डायफिल्ट्रेशनचे (नवा बफर घालत जुना बाहेर काढण्याचे) ७ व्हॉल्यूम चालवले तर मोकळं पार जाणारं मीठ ०.१ टक्क्याच्याही खाली येतं, छान, पण प्रॉडक्टचं रिटेन्शन ९९ टक्के असेल तर त्याच ७ व्हॉल्यूममध्ये जवळजवळ ७ टक्के प्रॉडक्ट गटारात जातं. ९९.९ असेल तर ०.७ टक्के.

पीईएस (पॉलिइथरसल्फोन) आणि पॉलिसल्फोन या प्लॅस्टिकच्या मेम्ब्रेन कॉस्टिक छान सहन करतात पण प्रोटीन थोडं जास्त चिकटतं. रिजनरेटेड सेल्युलोजला कमी चिकटतं, विरळ प्रॉडक्टला फार चांगलं, पण कॉस्टिक आणि क्लोरीनची मर्यादा डेटाशीटमध्ये नीट बघा. पीव्हीडीएफ या दुसऱ्या प्लॅस्टिकला कडक कॉस्टिक सोसत नाही.

एरिया किती, आणि शेवटी किती उरतंय

समजा १०० लिटर दहापट कॉन्सन्ट्रेट करायचंय, मग ७ व्हॉल्यूम डायफिल्ट्रेशन. पर्मिएट झालं ९० अधिक ७०, म्हणजे १६० लिटर. ४ तासांत संपवायचंय आणि सरासरी फ्लक्स ४० एलएमएच धरला तर १ चौरस मीटर लागतो, वर २०-३० टक्के जास्तीचा धरा. होलो फायबरवर तोच फ्लक्स २५ निघाला तर १.६ चौरस मीटर. आता दोन्ही बाजूंना लागणारा पंप फ्लो काढा आणि त्या फ्लोला लागणाऱ्या ट्यूबिंगमध्ये किती लिक्विड राहतं ते मोजा. इथे अनेक जण थबकतात, कारण ५ लिटरचं १०० मिली करायचंय आणि सिस्टीमचं होल्ड-अपच १२० मिली निघतं. एरिया जास्त घेतला की सुरक्षित असं नाही, जास्तीचा एरिया म्हणजे जास्तीचं होल्ड-अप आणि प्रॉडक्ट चिकटायला जास्तीची जागा. शिवाय शेवटी बफरने फ्लश करून उरलेलं प्रॉडक्ट काढावं लागतं, त्याने पातळ होतं, म्हणून टार्गेटपेक्षा पुढे जाऊन थांबावं लागतं. सिस्टीमला टार्गेट नाही, टार्गेटच्या पुढचा तो बिंदू झेपला पाहिजे.

ट्रायल कशी करायची

दोन उमेदवार निवडा, जास्त नको. दोघांची छोटी मॉड्यूल घ्या पण मोठ्या स्केलवर जी पाथ-लेंथ (लिक्विडच्या मार्गाची लांबी) असणार आहे तीच असलेली, कॅसेट असेल तर तीच स्क्रीन, फायबर असेल तर तोच डायमीटर आणि तीच लांबी. स्केल-अप म्हणजे फक्त नळ्यांची किंवा कॅसेटची संख्या वाढवणं, बाकी काही हलवायचं नाही.

आधी पाण्याची पर्मिएबिलिटी (ठरावीक दाबाला किती पाणी पार जातं ते) मोजून तापमानासकट लिहून ठेवा. मग बफरने कंडिशन करा. मग पर्मिएट टँकमध्ये परत सोडून तीन वेगवेगळ्या क्रॉसफ्लोवर टीएमपी पायरीपायरीने वाढवत फ्लक्स नोंदवा, प्रत्येक पायरीला फ्लक्स स्थिर होईपर्यंत थांबा. सुरुवातीला फ्लक्स सरळ चढतो, मग वाकतो, मग टीएमपी कितीही वाढवा तो हलत नाही. वाकण्याच्या जागेच्या थोडं अलीकडे काम करायचं. त्याच्या पुढे गेलात तर फक्त थर घट्ट बसतो.

आणि हा प्रयोग फक्त पातळ फीडवर करू नका. थोडं मटेरियल कसंही करून शेवटच्या कॉन्सन्ट्रेशनला न्या, भले ५० मिली असेल, आणि तीच टेस्ट त्याच्यावर पुन्हा करा. मटेरियल महाग आहे, मिळत नाही, सगळं मान्य, पण दोन फॉरमॅटमधला खरा फरक तिथेच दिसतो. पातळ फीडवर दोघंही शहाणे वाटतात.

पूर्ण रन झाल्यावर मास बॅलन्स करा, रिटेन्टेट, पर्मिएट, फ्लश सगळं मोजून. ॲग्रिगेट बघा. व्हायरस असेल तर फक्त जीनोमची संख्या बघून खूश होऊ नका, इन्फेक्टिव्हिटी मोजा, कारण मेलेल्या व्हायरसचा जीनोमही तेवढाच मोजला जातो. मग ठरलेल्या कॉस्टिकने धुवा, ०.१ ते ०.५ मोलर मेम्ब्रेनप्रमाणे, आणि त्याच तापमानाला पाण्याची पर्मिएबिलिटी परत मोजा. पुन्हा वापरायची मेम्ब्रेन असेल तर हे चक्र किमान तीन-चार वेळा करून बघा, कारण पहिल्या धुण्यानंतर थोडी घसरण जवळजवळ नेहमी होते, ती पुढे थांबते की दर वेळी होत राहते हे बघायचं असतं. दर वेळी होत असेल तर फॉरमॅट नव्हे, आधी क्लीनिंगचं रसायन आणि तापमान बदलून बघा, आणि तरीही घसरत राहिली तर सिंगल-यूजचा हिशोब मांडा.